खांदेरी आणि जालना : १६७९चा दुहेरी हंगाम

१६७९ सालच्या नोव्हेंबरात मराठ्यांचे राज्य एकाच वेळी दोन टोकांना झुंजत होते. एक टोक थळच्या किनाऱ्यासमोरचे खांदेरी बेट. तिथे मायनाक भंडारी आणि त्याची माणसे इंग्रजांच्या तोफा अंगावर घेत तटाचे दगड बसवत होती. दुसरे टोक तिथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर आत, कुंडलिका नदीच्या काठी. तिथे खुद्द शिवाजी महाराज हजारो घोडेस्वारांनिशी जालन्याच्या पेठेत उतरले होते.

कोकणात खांदेरीची गोष्ट सांगतात, मराठवाड्यात जालन्याच्या स्वारीची. शाळेच्या पुस्तकातही ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पानांवर येतात, एक आरमाराच्या धड्यात आणि दुसरे महाराजांच्या अखेरच्या मोहिमेत. पण दोन्हीकडे शत्रू एकच होता. समुद्रावर मराठ्यांना छळणारा जंजिऱ्याचा सिद्दी १६७०च्या सुमारास विजापूरची चाकरी सोडून औरंगजेबाच्या पदरी गेला होता, आणि त्याच्या आरमाराचा खर्च मोगलांचा खजिना सुरतेहून उचलत होता. जालना ही त्याच मोगलांची भरलेली पेठ. म्हणून त्या वर्षीचे हे दोन रणांगण एकत्र मांडून पाहिले पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. जालन्याच्या वाचकाने तर ते पाहावेतच. समुद्र आपल्यापासून दूर आहे आणि आरमाराच्या इतिहासाशी आपला काही संबंध नाही, असे इथे सहज मानले जाते.

आधी समुद्राकडे जाऊ.

सतराव्या शतकातल्या कोकणी माणसाला स्वतःच्या समुद्रात मोकळेपणाने गलबत हाकारता येत नव्हते. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा करून बसले होते. परवाना नसलेले जहाज ते पकडत, माल जप्त करत. चौल, वसई, दीव, गोवा ही त्यांची ठाणी. मुंबईची बेटे पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ज्यांची ही बेटे, त्या कोळी-भंडाऱ्यांना कुणी विचारलेही नाही. दंडाराजपुरीच्या तोंडावर सिद्दी बसलेला. त्याची जहाजे किनाऱ्यावरची गावे जाळत, माणसे पकडून नेत. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी गलबते बांधायला घेतली आणि १६६४मध्ये मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो या घेऱ्याला उत्तर म्हणून. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी वेगळे प्रकरण लिहिले. त्यामागे महाराजांच्या काळातला हा अनुभव होता.

मुंबईकर इंग्रजांशी तह होता. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर येऊन नजराणे देऊन गेला होता. तरी दर पावसाळ्याला एकच दुखणे उठे. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन नांगर टाकी. मुंबईकर त्याला नाही म्हणू शकत नसत, कारण सुरतेतली त्यांची वखार मोगलांच्या मर्जीवर चाले. पावसाळाभर तिथे जहाजे दुरुस्त करायची आणि वारा फिरला की समोरच्या मराठी मुलखावर तुटून पडायचे, असा सिद्दीचा क्रम होता. १६७८च्या पावसाळ्यात ही जहाजे माझगावातच जाळून टाकावीत म्हणून महाराजांचे सैन्य पनवेलपर्यंत आले होते. आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग त्या कामावर होते. पण खाडी ओलांडायला होड्या पुरेनात आणि पोर्तुगीजांनी आपल्या हद्दीतून वाट दिली नाही. बेत फसला.

तेव्हा दुसरा उपाय निघाला. मुंबईच्या बंदरात शिरता येत नसेल, तर बंदराच्या तोंडाशी पहारा बसवायचा.

खांदेरी हे मुंबईच्या दक्षिणेला, थळपासून चारेक किलोमीटरवर समुद्रात असलेले छोटे बेट. दोन टेकड्या, मधे सखल खोगीर, कडेला काळे खडक. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी, आकाराने आणखी लहान. दक्षिणेकडून मुंबईत जाणारे किंवा मुंबईतून बाहेर पडणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसते. बेटाची ही किंमत महाराजांनी १६७२मध्येच ओळखली होती. त्या वेळी काम सुरू करण्याचा प्रयत्न इंग्रज आणि सिद्दी यांनी मिळून हाणून पाडला. सात वर्षांनी पुन्हा हात घातला तो ऐन पावसाळ्याच्या शेवटी, १६७९च्या ऑगस्टात, समुद्र पुरता शांतही झाला नव्हता तेव्हा.

मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. तो थळ-अलिबागच्या पट्ट्यातला दर्यावर्दी, हाताखाली त्याच किनाऱ्याची माणसे. त्यांनी माती-दगडाची कंबरभर आडभिंत उभी केली, तोफा तिच्यामागे लावल्या आणि मग तटाचे काम धरले.

मुंबईत खळबळ उडाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीच्या कौन्सिलने एन्साइन ह्यूज याला तीन शिबाडे, म्हणजे मालवाहू नौका, देऊन पाठवले. बेट इंग्लंडच्या राजाचे आहे, निघून जा, असा निरोप त्याने मायनाकाला दिला. मायनाकाचे उत्तर इंग्रजांनीच आपल्या कागदांत नोंदवले आहे. आपण आपल्या धन्याच्या हुकमाने इथे आलो आहोत आणि त्याचा हुकूम आल्याशिवाय हलणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते.

१९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचे धाडस केले. दारूच्या नशेत होता, असे त्याच्याच लोकांनी मागाहून म्हटले. शिबाड खडकांशी लागताच आडभिंतीमागून मारा झाला. थॉर्प जागीच पडला, त्याच्याबरोबर आणखी इंग्रज मारले गेले, काही पकडले गेले आणि शिबाड मराठ्यांच्या हाती आले. अनेक दशके या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या कंपनीला एका भंडारी सरदाराने दिलेला हा मोठा तडाखा होता.

आता प्रश्न अब्रूचा झाला. रिव्हेंज हे तोफांनी सज्ज जहाज, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे असा ताफा खांदेरीभोवती येऊन बसला. जहाजाची कप्तानी विल्यम मिंचिनकडे आणि सगळ्या ताफ्याची सूत्रे रिचर्ड केजविनकडे होती. हा केजविन कसलेला माणूस. डचांच्या युद्धात लढलेला, सेंट हेलेना बेटाचा कारभार पाहिलेला. चार वर्षांनी तो कंपनीविरुद्धच बंड करणार होता आणि मुंबई राजाच्या नावाने वर्षभर चालवताना संभाजी महाराजांशी तह करणार होता. त्याच्या ताफ्यात दोनशे गोरे शिपाई होते, खलाशी वेगळे.

१८ ऑक्टोबरची सकाळ. ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची. आजच्या हिशेबाने ती दहा दिवस पुढे, म्हणजे दिवाळीच्या आसपासची येते. उजाडता उजाडता चौलच्या बाजूने दौलतखानाचे आरमार निघाले. पन्नास-साठ गलबते होती. नाळेवरच्या तोफा डागत ती इतक्या वेगाने आली की नांगरलेल्या इंग्रज जहाजांना शिडे उभारायलाही फुरसत मिळेना. अर्ध्या तासात डव्ह नावाच्या गुराबेने निशाण उतरवले. सार्जंट मॉलेव्हरर आणि त्याचे शिपाई कैद झाले आणि पुढे सागरगडावर नेले गेले. दुसरी गुराब बाजूला राहिली, लहान नावा पळाल्या. रिव्हेंज एकटे उरले.

आणि इथे लढाईचा रंग पालटला. रिव्हेंज मोठे जहाज, उंच बाजूंचे, तोफा दोन्ही अंगांना रांगेने लावलेल्या. मराठी गलबतावर तोफ पुढे नाळेवर असे, एक किंवा दोन. जवळ जाऊन वर चढल्याशिवाय मोठ्या जहाजाला नमवता येत नव्हते आणि जवळ जावे तर रांगेतल्या तोफांचा एकदम मारा. केजविन आणि मिंचिन खंबीरपणे लढले. मराठ्यांची पाच गलबते बुडाली. दौलतखानाने आरमार मागे घेऊन खाडीचा आसरा धरला. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले, पण इंग्रज पुढे सरकताच परत फिरले. समोरासमोरच्या झुंजीत मराठ्यांचे आरमार इंग्रजांपुढे कमी पडले, हे मान्य करायला हवे. आपल्याकडच्या लेखनात डव्ह पकडल्याचे सांगतात आणि रिव्हेंजचे गाळतात. तसे केल्याने मायनाकाचा मोठेपणा वाढत नाही, उलट त्याने पुढे काय केले ते झाकले जाते.

पुढे जे घडले ते रात्री घडले.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे वारे सांगावे लागत नाहीत. दिवसा ऊन चढले की समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुटतात. रात्री जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. पावसाळा संपल्यावर हा क्रम जवळजवळ घड्याळासारखा चालतो. थळच्या पुळणीवरून मध्यरात्रीनंतर मचवा सोडला तर मतलई त्याला आपोआप पश्चिमेला, म्हणजे खांदेरीकडेच नेते. त्या मचव्यांना पाणी लागे कंबरभर. ओहोटीला जिथे खडक वर येतात तिथूनही ते वाट काढत, कारण नावाड्यांचे बालपणच त्या खडकांत मासे धरण्यात गेलेले. वारा पडला तर वल्ही होतीच. इंग्रजांची मोठी जहाजे मात्र खोल पाण्यालाच बांधलेली. उंदेरी आणि थळ यांच्यामधल्या उथळ पट्ट्यात शिरणे त्यांना धोक्याचे. वारा नसला की ती जागच्या जागी. अंधारात समोरून होडी गेली तरी तोफ कशावर डागायची, हे कळत नसे.

त्यामुळे केजविनचा वेढा दिवसा होता आणि रात्री नव्हता. तांदूळ, बारूद, चुना, दगड फोडणारे पाथरवट, जखमींच्या जागी ताजी माणसे, सारे काही रात्रीच्या फेऱ्यांत बेटावर पोचत राहिले. सकाळी इंग्रजांना दिसे ते इतकेच, की तट कालच्यापेक्षा थोडा वर आला आहे. रिव्हेंजच्या तोफांनी समोरासमोरची एक झुंज जिंकली होती, पण बेटाचे बांधकाम एक दिवसही थांबले नाही. मला या मोहिमेतले सर्वात मोठे काम हेच वाटते, आणि ते करणाऱ्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. मायनाकाचे नाव राहिले, दौलतखानाचे राहिले. वल्ही मारणाऱ्या त्या कोळी आणि भंडारी पोरांचे एकही नाव आपल्यापाशी नाही.

महाराज त्या काळात समुद्रावर नव्हते, पण त्यांनी मुंबईवर जमिनीकडूनही दाब आणला. चार हजार माणसे कल्याण-भिवंडीला उतरवली. ठाण्यावरून मुंबईत घुसण्याचा बेत होता. वसईच्या पोर्तुगीजांनी वाट अडवली, तेव्हा ती फौज पनवेलला सरकली. मुंबईत घबराट पसरली. सुरतेच्या कौन्सिलने ऑक्टोबर संपण्याआधीच मुंबईला कळवले की प्रकरण अंगाशी येण्याआधी मानाने माघार घ्या, तडजोड करा. कंपनीला युद्ध परवडत नव्हते. गोरे शिपाई मिळत नव्हते, खर्च चढत होता आणि बेट काही हलत नव्हते.

इथे आता जमिनीकडे वळले पाहिजे, कारण महाराजांचे लक्ष त्या वेळी विजापूरकडे होते.

ते वर्ष त्यांच्या आयुष्यातले फार कठीण वर्ष होते. एप्रिलमध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लागू केला होता. डिसेंबर १६७८मध्ये युवराज संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत निघून गेले होते आणि अजून तिथेच होते. ऑगस्टात दिलेरखान भीमा ओलांडून विजापूरवर चालून गेला. आदिलशाहीचा कारभारी सिद्दी मसूद याने ज्या शिवाजीशी आयुष्यभर वैर केले त्याच्याकडेच मदत मागितली. महाराजांनी ती दिली. विजापूर पडले तर मोगल थेट आपल्या दारात येणार, हे त्यांना दिसत होते.

दिलेरखानाला विजापूरहून उठवायचे तर त्याच्या पाठीमागचा मुलूख पेटवायचा, हा डाव ठरला. नोव्हेंबरच्या आरंभी अठरा हजारांच्या आसपास घोडदळ दोन तुकड्यांत निघाले. एक तुकडी महाराजांकडे, दुसरी सरदार आनंदरावाकडे. भीमा ओलांडून ते मोगली मुलखात शिरले आणि लुटीचा, जाळपोळीचा वणवा पेटवत उत्तरेला सरकत गेले. दहा-बारा दिवसांत ते जालन्याला पोचले.

जालना त्या वेळी औरंगाबाद सुभ्यातली नामांकित व्यापारी पेठ होती. कापड विणणारे, सराफ, सावकार, धान्याचे अडते. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही गावात जिभेवर आहे. नदीच्या एका अंगाला आज जुना जालना आणि पलीकडे नवा जालना अशी गावाची वाटणी आहे. जुन्या भागातला मस्तगड मात्र त्या नोव्हेंबरात नव्हता. तो अठराव्या शतकात, निजाम आसफजाहच्या अमदानीत बांधला गेला. मलिक अंबरच्या काळातला, जमशेदखानाने बांधवलेला मोती तलाव होता. इथून चाळीस मैलांवर औरंगाबादेत बादशहाचा शहजादा शाहआलम दख्खनचा सुभेदार म्हणून फौजेसह बसला होता. तो हलला नाही.

चार दिवस पेठ लुटली गेली. सोने, रुपे, जडजवाहीर, कापड, घोडे, उंट. गावातल्या सधन लोकांनी जे जमेल ते घेऊन गावाबाहेरच्या बागेत सय्यद जानमहंमद या अवलियाच्या आश्रमात धाव घेतली. महाराज साधुसंतांच्या, पीर-फकिरांच्या जागांना हात लावत नाहीत, हे मुलूखभर माहीत होते, त्या भरवशावर. या वेळी तो भरवसा टिकला नाही. मराठे आश्रमात शिरले, तिथली संपत्ती घेतली आणि अवलियाशी उद्धटपणे वागले. खाफीखान हा मोगल इतिहासकार हे लिहितो. त्याच्या लेखी त्या साधूच्या शापानेच शिवाजी पाच महिन्यांत मेला. हा खाफीखान महाराजांचा द्वेष करणारा, तरीही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांच्याबाबतीत ते किती काटेकोर होते हे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे जालन्याच्या आश्रमाबद्दलचे त्याचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. शापावर कुणी विश्वास ठेवावा न ठेवावा. पण ज्या जनतेला महाराजांच्या शिस्तीवर इतका भरवसा होता की लूट चालू असताना ती एका फकिराच्या बागेत निर्धास्त जाऊन बसली, त्या जनतेचे जालन्यात नुकसान झाले. ही गोष्ट जालनेकरांनी लिहिली पाहिजे आणि महाराजांवर प्रेम करणाऱ्यांनी ती ऐकली पाहिजे.

परतीची वाट फार महागात पडली. लुटीने जड झालेले घोडे आणि उंट हळू चालत होते. संगमनेरच्या वाटेवर मोगल सरदार रणमस्तखानाने गाठले. तीन दिवस लढाई झाली. पाठीमागून औरंगाबादेहून मोगलांच्या आणखी फौजा येत होत्या. पिछाडी सांभाळणारा सिधोजी निंबाळकर आपल्या दोन हजार माणसांसह पडला. सरनोबत हंबीरराव मोहिते जखमी झाले. चौफेर कोंडी होत असताना हेर बहिर्जी नाईकाने महाराजांना आडवाटेने काढले. तीन दिवस-रात्र डोंगरदऱ्यांतून चालून ते अकोले-सिन्नरच्या सीमेवरच्या पट्टा किल्ल्यावर पोचले. तिथे त्यांनी विसावा घेतला म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड म्हणतात. जालन्याच्या लुटीतला मोठा भाग वाटेतच गेला.

मोहीम फसली का? लुटीच्या हिशेबाने फसली, असेच म्हणावे लागेल. पण ज्या कामासाठी घोडे दौडले होते ते झाले. दिलेरखानाला नोव्हेंबरच्या मध्यावर विजापूरचा वेढा उठवावा लागला. चवताळलेल्या खानाने तिकोटा, अथणी या गावांवर सूड उगवला, बायाबापड्यांचे हाल केले. ते संभाजीराजांना पाहवले नाही. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी त्याची छावणी सोडली आणि डिसेंबरात पन्हाळा गाठला. बापलेकांची भेट जानेवारीत पन्हाळ्यावर झाली.

दरम्यान खांदेरीवर दुसरा शत्रू आला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस जंजिऱ्याचा सिद्दी कासम चौतीस जहाजे घेऊन इंग्रजांना मिळाला आणि बेटावर रोज तोफा चालू झाल्या. पण दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. खांदेरी घेतलीच तर ती सिद्दी गिळणार, ही इंग्रजांची धास्ती. मुंबईच्या तोंडाशी मराठे नकोत आणि सिद्दीही नको, अशा पेचात ते सापडले. शेवटी जानेवारी १६८०मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवून तोफा चढवल्या. महिनाअखेरीस दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला. तो फसला. खुद्द दौलतखान जखमी झाला. त्यानंतर ही दोन बेटे समोरासमोर, एक मराठ्यांचे आणि एक सिद्दीचे, अशी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर तोफा रोखून बसली.

इंग्रजांनी त्या हिवाळ्यातच ताफा काढून घेतला आणि बोलणी धरली. मार्च १६८०मध्ये समेट झाला. सिद्दीच्या आरमाराला मुंबईत पावसाळ्याचा आसरा द्यायचा नाही, हा मराठ्यांचा मुख्य मुद्दा होता. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. इंग्रजांच्या नाकासमोर उभे राहिलेले हे बेट त्यांच्या हयातीतले अखेरचे मोठे आरमारी काम ठरले.

पुढच्या सत्तावीस वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धात औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला, रायगड पडला, राजधानी जिंजीपर्यंत गेली. त्या साऱ्या पडझडीतून जो आरमारी वारसा तरला, तो कान्होजी आंग्र्यांनी उचलला. १७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने पुन्हा खांदेरीवर चाल केली आणि हात हलवत परतला. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, त्यांचेही तेच झाले. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांशी समोरासमोर टक्कर द्यायची नाही, उथळ पाणी, खाडी, मतलई आणि जलदुर्ग यांच्या जोरावर त्यांना दमवायचे, हे १६७९मध्ये खांदेरीवर शिकलेले तंत्र आंग्र्यांनी पुरते वापरले. त्या तंत्राची एक मर्यादाही होती. त्याने किनारा राखता आला, खुला समुद्र ताब्यात घेता आला नाही. रिव्हेंजसारखी जहाजे बांधण्याइतका वेळ आणि पैसा मराठी राज्याला निवांतपणे कधी मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन आंग्र्यांचेच आरमार विजयदुर्गात जळू दिले. १७५६ची ती चूक आपल्या इतिहासातल्या सर्वात महागड्या चुकांपैकी एक आहे.

त्या चुकीची किंमत जालन्यालाही मोजावी लागली. समुद्र मोकळा झाल्यावर कंपनीची फौज, तोफा आणि रसद मुंबईतून बिनघोर देशावर येऊ लागली. १८०३च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर, आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. सव्वाशे वर्षांपूर्वी थळच्या उथळ पाण्यात अडलेली कंपनी आता कुंडलिकेपर्यंत आली होती.

खांदेरी आज उभी आहे. तिच्यावर १८६७मध्ये बांधलेले दीपगृह आहे, बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव दिलेले आहे, कोळ्यांचा वेताळ तिथे आहे आणि तटावर जुन्या तोफा आहेत. भारतीय नौदलाने आपल्या दोन पाणबुड्यांना ‘खांदेरी’ हे नाव दिले. पहिली १९६८ची आणि दुसरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झालेली. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांच्या रांगेत खांदेरी आहे.

जालन्याच्या शाळांनी आपल्या मुलांना थळच्या किनाऱ्यावर न्यावे आणि समोरचे बेट दाखवून सांगावे की आपल्या गावाची पेठ लुटली गेली त्याच नोव्हेंबरात, त्याच राजाच्या माणसांनी, त्याच बादशहाच्या आरमाराला अडवण्यासाठी हे बेट जिवावर उदार होऊन राखले होते. १६७९च्या हंगामात जालन्याहून नेलेले बरेचसे धन संगमनेरच्या वाटेवर गेले. खांदेरी मात्र पेशवाईच्या अखेरच्या काळापर्यंत इंग्रजांना मिळाली नाही.